झरीच्या पुलावरचा तिसरा गिअर

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरीच्या अलीकडे एक अरुंद पूल लागतो. पूल खोलात आहे. रस्ता त्याच्याकडे घसरत उतरतो आणि पूल ओलांडला की लगेच चढायला लागतो. रिकाम्या गाडीला तिथे काही वाटत नाही. पण मागे खताची पोती भरलेली असली तर चढाच्या तोंडाशीच चौथा गिअर काढून तिसरा टाकावा लागतो. चुकलं तर गाडी ना इकडची ना तिकडची होते. चढाच्या डाव्या हाताला पत्र्याचं एक घर आहे, पुढे लिंब, लिंबाखाली बाज. ते घर माझ्या उस्तादांचं. ज्यांनी मला ट्रकचा गिअर टाकायला शिकवलं, आणि ज्यांच्या सीटवर मी आता बसतो, ते हेच.

त्याआधी माझी जीप होती, पालम लाईनला. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसं. कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या डोक्यावर तेलाचा डबा. दिवसभर कान किटायचे. मग घरोघर मोटारसायकली आल्या, जीप उभी राहायला लागली, आणि एक दिवस मी ती विकून टाकली. मुलगा पुण्याकडे कंपनीत लागलेला. नातू झाला तशी बायको त्यांच्याकडे गेली. चार महिन्यांसाठी म्हणून गेली, ती तिथलीच झाली. तिचाही दोष नाही, तिथे तिची गरज होती. पेडगावच्या घरात मी एकटा उरलो. दोन पोळ्या लाटायच्या, एक खायची, एक सकाळी.

अशात ट्रकमालकाचा निरोप आला. रेल्वेच्या मालधक्क्यावर खताची रॅक, म्हणजे मालगाडी, लागते, तिथून तालुक्याच्या दुकानांना खत पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. मालधक्क्यासमोर चहा घेता घेता तो म्हणाला,

"आमच्या उस्तादाला दिसंना झालंय. साखरेनं डोळे गेले. पर मानूस जुना हाय, माज्या तोंडानं मला सांगवत न्हाई. तू बाजूला बस. हात बसला की मला सांग. मंग बघू त्याचं."

"त्यांला काय सांगू मी?"

"जोडीला दिलंय म्हन."

मी हो म्हणालो. कप खाली ठेवण्याच्या आत म्हणालो. घरातल्या त्या दुसऱ्या पोळीला मी इतका कंटाळलो होतो की कुणाच्या जागेवर जायचंय याचा विचार त्या वेळी मनात आलाच नाही. आला तो पहिल्या दिवशी ट्रकमध्ये चढल्यावर.

उस्ताद साठी उलटलेले, अंगाने वाळलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी चढलो तर माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"जीपवाला का तू?"

"हाव."

"मंग इसर. जीपंत शिकलास ते समदं इथंच खाली ठेव अन् मंग वर ये."

ट्रक जुना होता. नव्या गाड्यांचे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडतात. या गाडीत मात्र दात दातांशी जुळवून देणारी आतली पितळी कडी कधीच झिजून गेली होती आणि मालक ती बदलत नव्हता. त्यामुळे जुळवायचं काम ड्रायव्हरला करावं लागे. क्लच दाबायचा, गिअर काढून न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज उतरेपर्यंत थांबायचं, परत क्लच दाबायचा आणि मग वरचा गिअर टाकायचा. यालाच डबल क्लच म्हणतात. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्याच दिवशी दुसरा टाकायला गेलो तर पायाखालून असा आवाज आला की कुणी पत्र्यावरून फाळ ओढतंय.

"आरं जीपवाल्या, शेळीचा कान हाय का त्यो वढायला?"

पुन्हा टाकला. पुन्हा तोच आवाज. रस्त्याच्या कडेला गवत कापणारी बाई वाकलेली सरळ झाली.

"बग, बाईबी उठून बगायलीय," उस्ताद म्हणाले. "समद्या जिल्ह्याला सांगायलास तू, मी आलो म्हनून."

त्यांनी मग आपला हात माझ्या हातावर ठेवला. गिअरच्या दांडीवर बाभळीच्या लाकडाची मूठ होती. ती त्यांनी स्वतः सुताराकडून कातून घेतलेली. वर्षानुवर्षं हात फिरून ती इतकी गुळगुळीत झाली होती की लाकूड आहे हे हात लावल्याशिवाय कळायचं नाही. त्या पिढीच्या ड्रायव्हरांची ही रीत होती. गाडी मालकाची, पण गिअरची मूठ ड्रायव्हरची. गाडी सोडली की मूठ फिरवून काढायची आणि पिशवीत टाकून दुसऱ्या गाडीवर लावायची.

त्या मुठीवर माझा हात, माझ्या हातावर त्यांचा. न्यूट्रलला आलो की ते म्हणायचे, "सबूर." आणि तो शब्द संपता संपता त्यांचा हात पुढे जायचा, माझा हात नेत जायचा, आणि गिअर पडायचा. दाबला नाही, ढकलला नाही. जागेवर बसला. मला हे कितीतरी दिवस कळत नव्हतं की ते थांबणं घाई न करण्यासाठी नसून ऐकण्यासाठी आहे. इंजिन खाली येता येता एका जागी त्याचा आणि चाकांचा सूर एक होतो. त्याच्या आधी टाकला तरी वाजतो, नंतर टाकला तरी वाजतो.

"वर जाताना सबूर," ते म्हणायचे. "खाली येताना सबूर चालत न्हाई. तिथं उलटं. न्यूट्रलला रेस दे, इंजिन वर उचल, अन् मंग टाक. भ्यालास की संपलं."

खाली येणंच, म्हणजे वरचा गिअर काढून खालचा टाकणंच, मला जमत नव्हतं. आणि ते जमवायची खरी जागा म्हणजे झरीचा तो पूल. म्हणजे उस्तादांचं दार.

"माज्या दारात वाजवू नको रं," ते दर वेळी पुलावर बजावायचे. मी वाजवायचोच. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांची बायको म्हणायची म्हणे, "आज जीपवाला बसला व्हता वाटतं. भांडे पडले फळीवरचे." ते दुसऱ्या दिवशी मला हे सांगायचे आणि स्वतःच हसायचे. एक-दोनदा काकू दारात येऊन उभ्याही राहिल्या, कमरेवर हात ठेवून. मी मान खाली घालून चढ चढलो.

आठवड्याभरात त्या काकूंनी डब्यात दोघांची भाकरी द्यायला सुरुवात केली. "एकटा हाय म्हनं त्यो, दे त्यालाबी," असं उस्तादांनी घरी सांगितलेलं. ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी. ट्रकच्या सावलीत बसून आम्ही खायचो. बोलणं फार नसायचं. मला वाटायचं, आता सांगावं. घास तोंडात असायचा. मी गिळायचो, पाणी प्यायचो, आणि पुढचा घास घ्यायचो. कितीतरी दिवसांनी मला कुणाच्या हातची भाकरी मिळत होती, आणि ज्या घरातून ती येत होती त्या घराची रोजी मी हळूहळू शिकून घेत होतो.

त्यांचे डोळे खरंच गेले होते. माझ्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं. ते चालवत असताना समोरची बैलगाडी त्यांना फार जवळ आल्यावर दिसायची. मी काही न बोलता बोलायला लागलो. म्हणजे, त्यांना सांगतोय असं न दाखवता. "आज त्या शेतात कापूस बरा हाय, गाडी उभी केलीय रोडाला डावीकडं." "म्हशी आल्या बगा पान्यावर." ते फक्त "हं" म्हणायचे आणि गाडी जरा उजवीकडे घ्यायचे. माझे डोळे ते वापरत होते, त्यांचा हात मी वापरत होतो, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. हॉर्न ते वाजवायचे नाहीत. "हारन म्हंजी ड्रायवरची बोंब," म्हणायचे. "हातात गाडी असल तर बोंब कशाला?"

मग एके दिवशी गिअर पडला.

खत भरून निघालो होतो. पूल आला. मी चौथा काढला, रेस दिली, इंजिन वर आलं, आणि दांडी आपणहून तिसऱ्यात गेली. हाताला काही लागलंच नाही. पाण्यात हात घालावा तसं. गाडीने चढ घेतला. घर मागे गेलं. उस्तादांचा हात त्या वेळी माझ्या हातावर नव्हता. त्यांनी तो कधी काढून घेतला हे मला आठवत नाही. ते चंची काढून तंबाखू मळत बसले. तेवढ्याने माझा ऊर भरून आला. पण शिकलो म्हणजे त्यांची सीट गेली, हे मला चढाच्या मध्यावर कळलं.

संध्याकाळी मालधक्क्यावर मालकाने विचारलं, "बसला का हात?"

"न्हाई अजून," मी म्हणालो. "टाइम लागंल."

एकदा खोटं बोललं की ते खरं करून दाखवावं लागतं. मालक अधूनमधून गाडीत बसायचा. लोकही त्याला सांगायचे. म्हणून मी गिअर वाजवायला लागलो. मुद्दाम. सूर जुळायच्या जरा आधी टाकायचा, दात दातावर घासायचे, आवाज व्हायचा. मला वाटायचं, असा प्रत्येक आवाज म्हणजे उस्तादांच्या सीटवरचा आणखी एक दिवस आहे. चांगुलपणाच्या नावाखाली मी त्यांच्याच गाडीचे दात घासत होतो. आणि खरं सांगायचं तर तो चांगुलपणाही पुरता नव्हता. मला ती भाकरी सोडवत नव्हती. ते गेले तर मी पुन्हा एकटा होतो.

उस्तादांनी काही दिवस ऐकून घेतलं. एका दुपारी पुलावर मी असाच तिसरा वाजवला. ते म्हणाले,

"गाडी बाजूला घे."

मी घेतली. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. एकदम इतकी शांतता झाली की ओढ्यातल्या पाण्याचा आवाज यायला लागला. त्यांचं घर आरशात दिसत होतं.

"ह्यो आवाज तुज्या हाताचा न्हाई," ते म्हणाले. "तुजा हात मला म्हाईत हाय. त्याच्यावर माजा हात व्हता. तू मुद्दाम वाजवायलास."

मी आरशावरून नजर काढून घेतली.

"कामून?"

मी म्हणालो, "मालकानं सांगितलं व्हतं..."

"मला नको सांगू मालकानं काय सांगितलं ते. साठी उलटलेल्या ड्रायवरच्या बाजूला मालक धडधाकट मानूस बसवतंय ते काय भजनाला? पहिल्या दिवशीच कळलं मला. कळलं म्हनूनच शिकवलं. न्हाई तर जीपवाल्याला कोन शिकवतंय?"

"उस्ताद, मला वाटलं तेवढंच तुमचं..."

"माजं काय? माजी भीक मागायलास तू? माज्याच गिअरबॉक्सात?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "लोक काय म्हनत असतील? येवडे दिस बसवलं अन् उस्तादाला शिकवता आलं न्हाई. माजी शिकवन खोटी पाडलीस रं तू."

त्या दिवशीचा पुढचा रस्ता त्यांनी मला एकदाही काही सांगितलं नाही. परतल्यावर मालधक्क्यावर गाडी लागली तशी ते माझ्या बाजूला वाकले, दांडीवरची बाभळीची मूठ डावीकडे फिरवत फिरवत काढली, टॉवेलाने पुसली आणि डब्याच्या पिशवीत टाकली. मालकाला म्हणाले, "हात बसलाय त्याचा. चांगला बसलाय." आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले. खाली बघत, पाय चाचपत. मी मागे जाऊन त्यांचा हात धरायला हवा होता. मी गाडीतच बसून राहिलो. समोर गिअरची दांडी उघडी, वरचे आटे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या आट्यांवर फडकं गुंडाळून गाडी चालवली. नंतर दुकानातून प्लास्टिकची मूठ आणली.

ट्रकमध्ये एकट्याने बसणं कसं असतं हे मला तेव्हा कळलं. जीपमध्ये मी माणसांना कंटाळायचो. इथे केबिन इतकी उंच आहे की रस्त्यावरच्या माणसाशी नजरही भिडत नाही. मी डावीकडच्या रिकाम्या सीटला सांगतो, म्हशी आल्या. कापूस बरा हाय. बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू येतो आणि मी गप्प होतो. न्यूट्रलला आलो की मात्र "सबूर" म्हणतोच. आता तो शब्द मी म्हणतो की हात म्हणतो, ते सांगता येत नाही.

पुलावरून मी दर फेरीला जायचो. लिंबाखाली उस्ताद बाजेवर बसलेले असायचे, तोंड रस्त्याकडे. मी थांबलो नाही. कोणत्या तोंडाने थांबणार? एकच गोष्ट मी करू शकत होतो, ती करत होतो. त्यांच्या दारात गिअर वाजू दिला नाही. पुलाच्या आधीपासून मी श्वास धरायचो. चौथा काढायचा, रेस, तिसरा. काही आवाज नाही. मला वाटायचं, ते ऐकत असतील. ऐकून त्यांना कळत असेल की शिकवण खोटी पडली नाही. रोज मी त्यांची अशी माफी मागत होतो आणि ती त्यांना पोचते आहे या समाधानावर दिवस काढत होतो.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी पूल ओलांडला तर चढावर मेंढरांचा कळप. रस्ता भरून गेलेला. धनगर काठीने हाकतोय, पण मेंढरं आपल्या चालीनेच जाणार. मला गाडी उभी करावी लागली, ती नेमकी त्यांच्या दारात. माझ्यामागे आणखी गाड्या येऊन लागल्या. इंजिन चालू होतं. उस्तादांनी मान वर केली.

"कोनाची गाडी?"

गप्प बसलो असतो तर मेंढरं गेली असती आणि मीही गेलो असतो. मी खिडकीतून म्हणालो, "मी हाय, उस्ताद."

"मी कोन?"

"जीपवाला."

ते बाजेवरून उठले. एक हात पुढे धरून गाडीपर्यंत आले, दाराच्या पत्र्याला हात टेकला. तोंड वर केलं, पण माझ्यापासून जरा बाजूला.

"तू? तू कवा आलास या लाईनला?"

"इथंच तर हाय मी. पहिल्यापासून. रोज जातो की तुमच्या दारावरनं."

"खोटं नको बोलू." त्यांच्या कपाळावर आठी पडली. "रोज बसतो मी इथं. कान देऊन बसतो. येवड्या दिसांत एक डाव तुजा गिअर वाजला न्हाई. म्या म्हनलं, मालकानं ह्यालाबी काढलं. गेला बिचारा पोराकडं पुन्याला."

काकू दारातून म्हणाल्या, "हळहळायचे तुमच्यासाठी. म्हनायचे, त्याला घरी तर कोन हाय करून घालायला."

"वाजू देत न्हाई, उस्ताद," एवढंच म्हणालो. "तुमच्या दारात तर न्हाईच."

ते पत्र्यावर हात तसाच ठेवून उभे राहिले. इंजिनाचा थरार हाताला लागत असणार. मग म्हणाले, "समद्या गाड्या एकच आवाज करत्यात. वाजला न्हाई तर मला कळावं कसं रं, तू गेलास म्हनून?"

नंतर विचारलं, "मूठ कसली लावलीस?"

"प्लास्टिकची."

"उन्हाळ्यात घामानं सटकंल."

मला वाटलं, आता ते आत जातील आणि बाभळीची मूठ आणतील. तसं काही झालं नाही. ती त्यांची होती. मेंढरं संपली, मागच्या गाड्या बोंबलायला लागल्या. "जा," ते म्हणाले, "रोड अडवून उभा ऱ्हाऊ नको," आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.

मी पहिला टाकला, दुसरा टाकला. सबूर. तिसरा पडला, आवाज नाही. चढाच्या वर जाऊन आरशात पाहिलं. उस्ताद तिथेच उभे होते. माझ्यामागून एकामागून एक गाड्या चढत होत्या आणि ते प्रत्येक गाडीबरोबर तोंड फिरवत होते. त्या आवाजांत माझी कुठवर गेली हे त्यांना कळत नव्हतं.

तेव्हा मी हॉर्न दिला. त्यांनी शिकवलेल्याच्या विरुद्ध, एकदाच, बारीक. त्यांचा हात वर झाला.

अजूनही मी तिथे थांबत नाही. मागे पोती असतात, पुढे दुकानदार वाट बघत असतो, आणि ही कारणं मला पुरतात. पण चढ संपला की एकदा हॉर्न देतो. लिंबाखालून हात वर होतो. कधी बाज रिकामी असते. तरी देतो.